न दिसणारा किरण आणि थांबविण्याचा अधिकार

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके मागे टाकून भिलाईच्या परिसरात शिरते, तेव्हा रात्रीच्या काळोखात पोलाद कारखान्याचा तांबूस उजेड दुरूनच दिसू लागतो. विदर्भातून पोटापाण्यासाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या उजेडाच्या सोबतीने वाढल्या. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून हा कारखाना जन्मास आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीचा उजेड प्रखर खराच. पण तो दिसतो, आणि दिसतो म्हणूनच सावध करतो. रंगीत काचेशिवाय वितळलेल्या लोखंडाकडे टक लावून पाहू नये, हे नव्या कामगाराला जुना कामगार पहिल्याच दिवशी शिकवतो. कायद्यालाही ते ठाऊक होते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमाने, अतिप्रखर प्रकाशामुळे डोळ्यांना धोका असलेल्या कामांसाठी पडदे किंवा योग्य चष्मे पुरविण्याची सक्ती करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला होता.

आज त्याच दुर्ग जिल्ह्यात, कुटेलाभाटा येथे, भिलाईची आयआयटी उभी आहे. २०१६ साली ही संस्था रायपूर येथे तात्पुरत्या जागेत सुरू झाली. १४ जून २०१८ रोजी तिच्या कायम वास्तूची पायाभरणी झाली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी हा परिसर राष्ट्राला अर्पण करण्यात आला. पोलादाच्या नगरीत उच्च विज्ञानाचे केंद्र निघावे, ही कोणत्याही श्रमिकाला आनंदाची वाटावी अशीच घटना आहे. परंतु आधुनिक पदार्थविज्ञानाच्या, रसायनशास्त्राच्या किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत, मग ती भिलाईत असो, पवईत असो वा परदेशात, एक नवा प्रकाश राबत असतो. तो म्हणजे लेसर. भट्टीच्या उजेडाप्रमाणे तो सावध करीलच असे नाही. त्याचे काही अत्यंत घातक प्रकार मानवी डोळ्याला मुळी दिसतच नाहीत.

म्हणून प्रश्न असा उपस्थित होतो: या न दिसणाऱ्या किरणापासून संशोधन करणाऱ्या, यंत्र दुरुस्त करणाऱ्या आणि खोली झाडणाऱ्या माणसाचे रक्षण कोणी करावयाचे? आणि धोका जाणवताच यंत्र थांबविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावयाचा? वरकरणी हा तंत्रज्ञांचा विषय वाटतो. वस्तुतः तो श्रमाच्या ठिकाणी सत्ता कोणाची, या जुन्याच प्रश्नाचे नवे रूप आहे.

लेसर हा शत्रू नव्हे

यंत्रे मोडून कामगारांचे भले होत नाही, हे श्रमिक चळवळ दीडशे वर्षांपूर्वीच शिकली. लेसरलाही तेच लागू आहे. ज्या मूलभूत संशोधनातून हे साधन निर्माण झाले, त्याबद्दलचे १९६४ चे नोबेल पारितोषिक अमेरिकेचे चार्ल्स टाउन्स आणि सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बासोव व अलेक्झांडर प्रोखोरोव यांना मिळून देण्यात आले. पहिला लेसर मे १९६० मध्ये प्रकाशला आणि भारताने फार काळ वाट पाहिली नाही. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात १९६४ च्या सुमारास अर्धवाहक लेसर तयार झाला. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी इंदूर येथे ज्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसविण्यात आली आणि जे आज राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते, त्याचे पहिले संचालक डॉ. दिलीप भवाळकर हे लेसरविज्ञानातील अग्रणी होते. भिलाईच्या कारखान्यातही रेल्वेच्या रुळांचा सरळपणा तपासण्याच्या कामी लेसर वापरला जातो. ज्या रुळांवरून देश धावतो, त्यांची वक्रता हा किरण पकडतो. तेव्हा लेसर नको, असे कोणी म्हणणार नाही. लेसर हवाच, मात्र तो ज्यांच्या हातून चालतो, त्यांच्या डोळ्यांच्या किमतीवर नको.

डोळा कसा जातो

सामान्य दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो व अंतराबरोबर क्षीण होतो. लेसरचा किरण पेन्सिलीसारखा बारीक राहून सरळ जातो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकालाही जवळपास तितक्याच जोमाने पोहोचतो. डोळ्यातील भिंग हा समांतर किरण एका सूक्ष्म बिंदूवर एकत्र आणते. पारपटलावर पडलेल्या किरणाची तीव्रता दृष्टिपटलावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटींनी वाढते. निसर्गाने पाहण्यासाठी दिलेले भिंगच येथे डोळ्याचे वैरी होते.

प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा एक लेसर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण फेकतो. हा किरण दिसत नाही. परंतु डोळ्याचे पारदर्शक भाग त्याला अडवीत नाहीत आणि भिंग त्याला इमानाने दृष्टिपटलावर नेऊन पोहोचवते. दिसणाऱ्या प्रखर प्रकाशापुढे पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्या किरणापुढे ती मिटतच नाही. शिवाय अशा लेसरचा एकेक स्पंद सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतका अल्पजीवी असू शकतो, म्हणजे पापणी सावध असती तरी तिला उशीरच झाला असता. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. त्यामुळे जखम झाली हे माणसाला पुष्कळदा दुखण्यातून न कळता, नजरेसमोर उभ्या राहिलेल्या काळ्या डागामुळे कळते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी झालेली अशी जखम सहसा भरून येत नाही. वाचणारा, लिहिणारा, सूक्ष्म यंत्र जुळविणारा डोळा जन्मभरासाठी अधू होतो. इतर तरंगलांबींचे लेसर डोळ्याच्या इतर भागांवर घाला घालतात: अतिनील किरण भिंगाला मोतीबिंदूकडे नेतात, तर १०.६ मायक्रोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेसर पारपटल भाजून काढतो.

धोका केवळ किरणाचाही नाही. मोठ्या लेसरच्या विद्युतपुरवठ्यात उच्च दाबाची विद्युतधारित्रे असतात आणि यंत्र बंद केल्यानंतरही त्यांत प्राणघातक विद्युतभार साठून राहू शकतो. डोळा अधू करणारा किरण चर्चेत येतो. दुरुस्तीसाठी झाकण उघडणाऱ्या तंत्रज्ञाचा जीव घेणारा हा भार मात्र दुर्लक्षित राहतो.

आंतरराष्ट्रीय मानकांनी लेसरचे वर्ग ठरविले आहेत. पहिल्या वर्गातील यंत्र नेहमीच्या वापरात निर्धोक असते. पाचशे मिलिवॉटहून अधिक शक्तीचा अखंड किरण देणारे यंत्र चौथ्या, सर्वांत धोकादायक वर्गात मोडते. या चौथ्या वर्गाचा भिंतीवर विखुरलेला प्रकाशदेखील घातक ठरू शकतो. कारखान्यात येणारे लेसर यंत्र बहुधा बंद पेटीतून येते. पेटी उघडली की किरण बंद पडतो. संशोधनाच्या टेबलावर मात्र किरण उघडा असतो. आज एक आरसा इकडे, उद्या दुसरी काच तिकडे, असे रोज बदलत जाणारे काम तेथे चालते. किरण मार्गावर आणण्याची ही जुळवाजुळव हाच सर्वांत धोक्याचा क्षण होय. प्रयोगशाळांतील डोळ्यांच्या अपघातांपैकी कितीतरी याच क्षणी आणि पुष्कळदा चष्मा बाजूला काढून ठेवलेला असताना घडतात.

चष्मा ही शेवटची भिंत

येथेच व्यवस्थापनाचे आवडते उत्तर पुढे येते: "चष्मा का लावला नव्हता?" या एका प्रश्नाने सारी जबाबदारी संस्थेच्या खांद्यावरून उतरून जखमी माणसाच्या खांद्यावर जाते. खाणीत, गिरणीत, भट्टीवर, सर्वत्र श्रमिकांनी हा प्रश्न ऐकलेला आहे. हेल्मेट का नव्हते, पट्टा का बांधला नव्हता, बूट का घातले नव्हते!

चष्मा अर्थातच हवा. परंतु लेसरचा चष्मा उन्हाच्या चष्म्यासारखा सर्वत्र चालणारा नसतो. प्रत्येक चष्मा ठरावीक तरंगलांबीसाठी घडविलेला असतो. हिरवा किरण दशलक्षांशाने क्षीण करणारी काच अवरक्त किरणाला बिनदिक्कत आत सोडू शकते. ज्या प्रयोगशाळेत दोन-तीन तरंगलांबी एकाच वेळी चालतात, तेथे चुकीचा चष्मा हा चष्मा नसण्याहूनही वाईट, कारण तो खोटा धीर देतो. योग्य चष्म्याने किरण दिसेनासा होतो, म्हणून जुळवाजुळव करताना तो काढण्याचा मोह होतो. पद्धतच अशी असेल की चष्मा काढल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, तर दोष चष्मा काढणाऱ्याचा की पद्धत आखणाऱ्याचा?

सुरक्षाशास्त्राचा क्रम याच्या नेमका उलट आहे. प्रथम, जमेल तेथे कमी शक्तीच्या किरणाने जुळवाजुळव करावी. मग किरण नळीत वा पेटीत बंदिस्त करावा. दार उघडताच किरण तोडणारी यंत्रणा बसवावी. किरणाची पातळी बसलेल्या वा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नये. किरणाच्या वाटेच्या शेवटी त्याला गिळणारा अडसर ठेवावा. आरसा हलविताना डोळ्याऐवजी कॅमेऱ्याने पाहावे. त्यानंतर येतात नियम, प्रशिक्षण, दारावरचा दिवा, हातातील अंगठी व घड्याळ उतरवून ठेवण्याची शिस्त. आणि या सर्वांतून काही निसटलेच तर सर्वांत शेवटी चष्मा. पहिल्या पायऱ्यांना पैसा व वेळ लागतो आणि तो संस्थेने द्यावयाचा असतो. शेवटच्या पायरीला माणसाची सावधगिरी लागते. पैसा वाचविणारी व्यवस्था शेवटच्या पायरीलाच पहिली ठरविते, यात नवल ते काय?

लॉस अलामॉसचा धडा

साधनसंपत्तीची मुबलकता असली की सुरक्षितता आपोआप येते, हा समज खरा नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्रांचे माहेरघर असलेल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १४ जुलै २००४ रोजी वीस वर्षांच्या एका शिकाऊ विद्यार्थिनीच्या डोळ्याला लेसरने इजा झाली. तिच्या अथवा तिच्याबरोबरच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या, कोणाच्याच डोळ्यांवर संरक्षक चष्मा नव्हता. दोनच दिवसांनी संचालकांनी साऱ्या प्रयोगशाळेचे काम थांबविले. परंतु त्या निर्णयामागे या डोळ्याबरोबरच आणखी एक कारण होते: गुप्त माहितीच्या दोन तबकड्या हरवल्याचा संशय. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की त्या तबकड्या कधी अस्तित्वातच नव्हत्या. डोळा मात्र खराच गेला होता.

या घटनेतील बोध साधा आहे. नवशिक्या मुलीने ज्येष्ठाला "साहेब, आधी चष्मा लावू या, यंत्र बंद करू या" असे म्हणावे, अशी अपेक्षा कोणी ठेवायची? ज्याच्या शब्दावर तिचे पुढील शिक्षण अवलंबून, त्याला थांबविण्याचे बळ तिच्यात कोठून येणार? धोक्याची माहिती नसणे हे अपघाताचे एक कारण होय. माहिती असूनही बोलण्याची सोय नसणे हे दुसरे, आणि अधिक खोलवरचे.

युद्धातसुद्धा सैनिकांना कायमचे आंधळे करण्यासाठी घडविलेल्या लेसरशस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्ना येथे मंजूर झाला आणि १९९८ साली अमलात आला. रणांगणावर शत्रूच्या डोळ्यांना जे संरक्षण मानवजातीने देऊ केले, ते प्रयोगशाळेतील स्वतःच्या मुलांना देण्यास शांततेच्या काळात काय हरकत असावी?

प्रयोगशाळेत राबतो कोण

भारतातील प्रयोगशाळांत दिवसरात्र उभा असतो तो मुख्यतः संशोधक विद्यार्थी, प्रकल्प सहायक आणि कंत्राटी तंत्रज्ञ. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्राला दरमहा ३७,००० रुपये मिळावयाचे असे ठरले. पण हे वेतन नव्हे, छात्रवृत्ती. ती पुढे चालू राहावी यासाठी लागणाऱ्या प्रगतीच्या अहवालावर मार्गदर्शकाची सही असते. प्रकल्प सहायकाची नेमणूक प्रकल्प संपला की संपते. झाडलोट करणारी बाई ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते आणि दारावरच्या लाल दिव्याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगितलेला असेलच, याची हमी कोणी देत नाही. संस्था एकच, टेबल एकच, किरणही एकच. पण त्याच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसांचे मालक निरनिराळे!

इतर धोक्यांच्या बाबतीत काय घडले, ते आठवावे. २९ डिसेंबर २००९ रोजी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायन प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वायूच्या नळकांड्याचा स्फोट होऊन एक जण ठार झाला व तिघे जखमी झाले. मृत तरुण त्या संस्थेचा कायम नोकर नव्हता. तेथेच काम करणाऱ्या एका नव्या खासगी कंपनीचा तो कर्मचारी होता. २०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागातील निकामी झालेले कोबाल्टचे किरणोत्सारी यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडताना किरणोत्साराने एका कामगाराचा बळी गेला. विज्ञानमंदिरातील निष्काळजीपणाची किंमत अखेर भंगार वेचणाऱ्या हाताने चुकविली.

लेसरच्या बाबतीतही किरण प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहिलेला नाही. हातात धरून जोडकाम करण्याची हजार-दोन हजार वॉटची लेसर यंत्रे आता देशभरच्या लहान वर्कशॉपांत विकली जात आहेत. वर्षानुवर्षे विजेच्या ठिणगीचे जोडकाम करणारा वेल्डर आपली जुनी काळी काच पुरेशी समजतो. पण ती काच या अवरक्त किरणासाठी बनविलेली नसते. ज्या शहरात संशोधन संस्था आणि लहानमोठे कारखाने शेजारी नांदतात, तेथे प्रयोगशाळेतील शिस्त उद्या वर्कशॉपात आणि प्रयोगशाळेतील बेशिस्तही तितक्याच वेगाने वर्कशॉपात जाणार.

भिलाईने रक्ताने शिकलेला पाठ

न दिसणारा धोका म्हणजे काय, हे भिलाईला कोणी शिकवावयास नको. १२ जून २०१४ रोजी कारखान्याच्या पाणीपुरवठा यंत्रणेत बिघाड होऊन दाब घटला आणि झोतभट्टीचा वायू उलट मार्गाने पंपघरात शिरला. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जणांचा मृत्यू झाला. विषारी वायूने पदाची पायरी पाहिली नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना स्फोट झाला आणि दहाहून अधिक जण आगीने मेले. १४ जून २०१८ च्या ज्या समारंभात विस्तारित कारखाना राष्ट्रार्पण झाला व आयआयटीचा पाया घातला गेला, त्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. स्फोटानंतर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले, दोन अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले.

अधिकारी हटविणे हे अपघातानंतरचे न्यायदान होय. पण अपघातापूर्वीचा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्या माणसाला वाहिनीपाशी, पंपापाशी, किरणापाशी प्रत्यक्ष उभे राहावयाचे आहे, त्याला "हे काम असे चालू राहणार नाही" असे म्हणण्याचा आणि ते म्हटल्याबद्दल शिक्षा न होण्याचा अधिकार होता काय? जेथे हा अधिकार आहे, तेथे नियम जिवंत असतात. जेथे तो नाही, तेथे नियम भिंतीवरच्या फलकावर राहतात आणि फलकावर धूळ साचते.

कायद्याची वाट उलटी

भोपाळच्या संहारानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती बंधनकारक केली आणि निकट धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना दिला. हजारो प्रेतांनंतर मिळालेले हे तुटपुंजे अधिकार होते. तरीही ते अधिकार होते. प्रयोगशाळा मात्र या कक्षेबाहेरच राहिली, कारण तेथे माल तयार होत नाही, ज्ञान तयार होते! जणू ज्ञान तयार करणाऱ्याचा डोळा माल तयार करणाऱ्याच्या डोळ्याहून निराळ्या मातीचा असतो.

२०२० साली संसदेने संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली आणि जुना कारखाना कायदा इतिहासजमा झाला. या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली. म्हणजे नेमकी लहान वर्कशॉपे बाहेर ढकलली. सुरक्षा समिती कोठे असावी, हे ठरविणे सरकारी आदेशावर सोपविले. संशोधक विद्यार्थी हा कामगार आहे काय, या प्रश्नाला तर तिने हातही लावला नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे कार्यक्षेत्र किरणोत्साराचे आणि क्ष-किरणांचे. लेसरचा प्रकाश त्या जातीचा नव्हे. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणच्या कृत्रिम प्रकाशकिरणांपासून संरक्षणाचे बंधन मालकांवर घालणारा निर्देश २००६ सालीच काढला. भारतात मानके आहेत. परंतु मानक म्हणजे सल्ला, आणि सल्ला मोडल्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप शास्त्रज्ञांकडून येतो: समित्या, नोंदवह्या आणि परवानग्या यांच्या जंजाळात संशोधनाचा श्वास कोंडेल. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. नोकरशाहीचे कागद वाढले म्हणून कोणाचे डोळे वाचत नाहीत. पण येथे मागणी कागदांची नाही. बंदिस्त किरणाची, दार उघडताच तुटणाऱ्या विद्युतमार्गाची आणि बोलण्याच्या अभयाची आहे. ज्या प्रयोगशाळेत अपघात होतो, तिचे संशोधन महिनोन्‌महिने ठप्प होते. लॉस अलामॉसने हे दाखवून दिले. सुरक्षितता हा संशोधनाच्या मार्गातील अडथळा नसून ती संशोधनाची पूर्वअट होय.

दुसरा आक्षेप पैशाचा. देश गरीब, अनुदान अपुरे, आधी यंत्र येऊ द्या, मग सुरक्षेचे पाहू. परंतु ज्या प्रकल्पाला कोट्यवधींचे यंत्र परवडते, त्याला किरण झाकणारी पेटी परवडत नाही, हे कोणी मानावे? २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची घोषणा करताना पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला आणि त्यातील बहुतांश भाग खासगी क्षेत्राकडून येईल असे गृहीत धरले गेले. खासगी भांडवल संशोधनात येईल ते फळाच्या आशेने आणि घाईने येईल. घाई हीच अपघाताची सख्खी बहीण. म्हणूनच प्रत्येक प्रकल्पाच्या अनुदानात सुरक्षेची स्वतंत्र व दुसरीकडे वळविता न येणारी तरतूद असणे आजच अगत्याचे आहे.

काय व्हावयास हवे

मागण्या अवाजवी नाहीत. प्रत्येक संशोधन संस्थेने आपल्याकडील वरच्या वर्गांतील लेसरांची यादी करून ती खुली ठेवावी. प्रत्येक संस्थेत एक लेसर सुरक्षा अधिकारी असावा आणि विभागप्रमुखाला न विचारता यंत्र बंद करण्याचा अधिकार त्याला असावा. त्याच्यासोबत समिती असावी आणि तिच्यावर प्राध्यापकांच्या बरोबरीने संशोधक विद्यार्थी, तंत्रज्ञ आणि कंत्राटी कामगार यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. धोक्याच्या सूचना इंग्रजीतच नव्हे, तर तेथे वावरणाऱ्या माणसांच्या भाषेत असाव्यात. भिलाईत हिंदी व छत्तीसगढीत, पुण्या-मुंबईत मराठीत. कामावर घेताना प्रत्येकाच्या डोळ्यांची तपासणी संस्थेच्या खर्चाने व्हावी, जेणेकरून पुढे इजा झाल्यास "हा डाग आधीपासूनच होता" असे म्हणण्यास वाव राहणार नाही. थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद करणाऱ्यास शिक्षा नव्हे, संरक्षण मिळावे. आणि कायद्याच्या दृष्टीने, छात्रवृत्ती घेणारा असो वा ठेकेदाराकडून आलेला, प्रयोगशाळेत राबणारा प्रत्येक जण सुरक्षेच्या बाबतीत कामगार मानला जावा व भरपाईस पात्र ठरावा.

येथे कामगार चळवळीनेही स्वतःकडे वळून पाहणे आवश्यक आहे. भट्टीच्या दारात, खाणीच्या तोंडाशी युनियनचा झेंडा पोहोचला. प्रयोगशाळेच्या दारापर्यंत तो क्वचितच गेला. पांढरा कोट घातलेला माणूस म्हणजे साहेबांच्या गोटातला, असे समजून त्याला बाजूला ठेवले गेले. आणि त्यानेही शिक्षणाच्या तोऱ्यात स्वतःला श्रमिक म्हणवून घेण्याचे टाळले. या दुहेरी गैरसमजाचा लाभ केवळ व्यवस्थापनाला झाला. छात्रवृत्ती वाढावी म्हणून देशभरचे संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ही शुभ सुरुवात होय. भाकरीच्या मागणीशेजारी डोळ्यांची मागणी ठेवली गेली पाहिजे, आणि ती ठेवण्यास भट्टीवरच्या अनुभवी कामगाराहून चांगला साथीदार त्यांना मिळणार नाही.

भिलाईत हे दोघे एकाच शहरात राहतात. एकाजवळ न दिसणाऱ्या वायूने मारलेल्या सोबत्यांची आठवण आहे, दुसऱ्यासमोर न दिसणारा किरण आहे. पोलाद कारखान्यातील सुरक्षा समितीवर वर्षानुवर्षे बसलेला जुना कामगार आणि कुटेलाभाट्याच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा किल्ली फिरवणारी तरुण संशोधक एका बाकावर बसून बोलू लागतील, तर पहिली गोष्ट तो तिला हीच सांगेल: यंत्र कसे सुरू करायचे, हे कोणीही शिकवील, ते बंद कोण करू शकतो, हे कामाच्या पहिल्या दिवशीच विचारून घे. आणि उत्तर "तू" असे नसेल, तर एकटी भांडत बसू नकोस, संघटित हो.